तंबूत पाच पोरं आणि पंचवीस खेळांची यादी

पत्र: ताई, नमस्कार. गेल्या डिसेंबरात आम्ही दोन दिवस तंबूत राहायला गेलो होतो. मी पत्ते, लुडो, बॅडमिंटन, रंगखडू असं सगळं भरून नेलं. बॅडमिंटनचं फूल वाऱ्यानं नेलं, लुडोच्या सोंगट्या हरवल्या, मोबाईलला रेंज नव्हती. दुसऱ्या तासाला 'आई, लई बोर व्हायलंय, आता काय करू?' सुरू झालं ते घरी येईपर्यंत. मिस्टरांनी गाडी चालवली आणि मटण केलं. मटण चांगलं झालं होतं. मी मात्र दोन दिवस पोरंच खेळवत होते. यंदा नाताळच्या सुट्टीत दाजीपूरच्या अलीकडं ओळखीच्यांच्या शेतात दोन रात्री तंबू टाकायचं ठरलंय. आम्ही दोघं, दीर-जाऊ, सासूबाई आणि पाच मुलं: ११, ९, ७, ७ आणि ४ वर्षांची. मी पंचवीस खेळांची यादी काढलीय. तुम्ही त्याचं तासातासाचं वेळापत्रक करून द्याल का? आणि मोठ्याचा मोबाईल घरीच ठेवायला लावू का?
– दमलेली आई, राजारामपुरी, कोल्हापूर

दमलेल्या आईसाहेब,

वेळापत्रक करून देणार नाही. रागावू नका, कारण सांगते.

मीही एकदा यादी केली होती. मुलं लहान होती, मसाई पठारावर गेलो होतो. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून मी खजिन्याच्या शोधाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. यमक जुळवून, बरं का. पहाटे उठून दगडांखाली लपवल्या. पोरं उठली, पहिली चिठ्ठी सापडली, दुसरी सापडली आणि तिसरीच्या वाटेवर एक शेणकिडा आडवा आला. तो डोकं खाली, मागचे पाय वर करून शेणाची गोळी उलटा ढकलत होता. चढ आला की गोळी घरंगळायची, किडा तिच्यासकट गडगडत खाली यायचा आणि पुन्हा सुरू. चार पोरं त्याच्या मागं पोटावर झोपून सरकत होती. तासभर. कुणीतरी त्याचं नाव 'पैलवान' ठेवलं. सातव्या चिठ्ठीखाली मी चिक्कीचा पुडा ठेवला होता, तो बहुधा मुंग्यांनी खाल्ला.

तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. चिठ्ठ्यांचा नाही, झोपेचा.

आता तुमच्या पत्राकडं येते. तंबूत राहायला गेलं की कामं किती असतात बघा. तंबू उभा करायचा, पाणी आणायचं, चूल मांडायची, लसूण सोलायचा, कंदील लावायचा. ही सगळी कामं आपण मोठी माणसं भराभर उरकून टाकतो आणि मग रिकाम्या झालेल्या पोरांना खेळवायला प्लास्टिकचं सामान काढतो. चूल पेटवणं हा घरी कधीच न मिळणारा खेळ समोर असताना कोणतं पोरगं लुडो खेळेल? तुमच्या सोंगट्या हरवल्या नसाव्यात, टाकल्या असाव्यात.

म्हणून खेळ नेऊ नका, खाती वाटा. अकरा वर्षांच्याला पाणीखातं: किती कॅन भरले, प्यायचं कुठलं, भांड्यांचं कुठलं, संपत आलं की ओरडायचं कुणी, सगळं त्याच्याकडं. नऊवाल्याकडं तंबू. जुळी आहेत की चुलतभावंडं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ती सात-सातची जोडी चुलीवर घाला. वाळक्या काटक्या जमवायच्या (शेतमालकाला विचारून, शेजारच्या दाजीपूर अभयारण्याच्या हद्दीतली काटकीसुद्धा उचलायची नाही), जाडीप्रमाणं तीन ढीग लावायचे: काडीपेटीच्या काडीएवढ्या, पेन्सिलीएवढ्या, अंगठ्याएवढ्या. पेटवताना मोठं माणूस शेजारी, पण काडी पोरानंच ओढायची. पहिल्या पाच काड्या वाया जातील, जाऊ द्या. चार वर्षांच्याला तंबूच्या खुंट्या मोजायला बसवा. रोज सकाळ-संध्याकाळ मोजायच्या आणि आकडा आजीला सांगायचा. एक कमी आली तर सगळं खानदान शोधायला लागतं, आणि त्या पोराला जो भाव येतो तो बघण्यासारखा असतो.

याची रंगीत तालीम घरी करा. निघायच्या आधीच्या रविवारी तंबू गच्चीवर नेऊन पोरांनाच उभा करू द्या. गच्चीत खुंटी ठोकता येत नाही, पाण्याचे कॅन भरून त्यांना दोऱ्या बांधा. दोन फायदे. एक म्हणजे तंबूची मोडकी दांडी दाजीपुरात कळण्याऐवजी राजारामपुरीत कळेल. दुसरा, पोरं त्या रात्री गच्चीत झोपायचा हट्ट धरतील. झोपू द्या. रात्री अकराला निम्मी खाली येतील. कोण आलं ते लक्षात ठेवा, शेतावर त्याला आजीच्या शेजारी जागा. तिथं गेल्यावर दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधा, नाहीतर अंधारात धाकटा अडखळून पडणार म्हणजे पडणारच.

प्रवासाचं फार मनावर घेऊ नका. साधारण ऐंशी किलोमीटर, भेंड्या खेळून संपतात. नंबरप्लेट मोजायला लावा: आपल्या एमएच ०९ सोडून बाकीच्या. फोंडा घाटाकडून वर येणाऱ्या एमएच ०७ जसजशा वाढतील तसतसं कोकण जवळ आलं हे नकाशा न उघडता कळतं.

पण एक थांबा चुकवू नका. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळांचा हंगाम. राधानगरीच्या रस्त्याला लागलात की उसाच्या फडामागं धुराडं दिसेल, गाडी बाजूला घ्या आणि विचारून आत जा. आपण कोल्हापूरचे, गूळ आपल्या नावावर देशभर खपतो, आणि आपल्या पोरांना वाटतं तो पिशवीत तयार होतो. चुलवाणात रसाचीच वाळलेली चिपाडं जळत असतात, म्हणजे ऊस स्वतःच्याच सालीवर शिजतो, हे सात वर्षांच्याला सांगून बघा, त्याचा चेहरा बघा. काहिलीत रस उकळला की हिरवट-काळपट मळी वर येते, ती झाऱ्यानं काढतात. रानभेंडीच्या चिकानं ती आणखी सुटते. मग रंग बदलत जातो आणि बुडबुडे लहानाचे मोठे, जड, आळशी होत जातात. गुळव्या थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी करून बघतो. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही. त्या वेळी पोरं काहिलीपासून चार पावलं लांब, धाकट्याचा हात मोठ्या माणसाच्या हातात, यात हयगय नको. उकळता पाक अंगाला चिकटतो. गरम गूळ खाऊन झाला की पुढचा तासभर गाडीत कुणी काही बोलत नाही, हा माझा अनुभव.

शेतावर पोचल्यावर सामान लागेल, तंबू उभा राहील, जेवणं होतील. आणि मग दुपारी तीनच्या सुमाराला ते वाक्य येईल. "आता काय करू?" इथंच गेल्या वर्षी तुम्ही पिशवी उघडलीत. यंदा उघडू नका. "बघा बाबा," एवढंच म्हणा आणि चहा ठेवा. पोरं पायानं माती उकरतील, एकमेकांच्या खोड्या काढतील, एखादं रडेल. हा मधला वेळ आपल्यालाच सोसत नाही. पाहुणे आल्यावर गप्पा थांबल्या की आपण उगाच बिस्किटं आणतो ना, तसं होतं. थोडं थांबलात की कुणाला तरी काहीतरी दिसतं. कोरड्या, मऊ मातीत छपराच्या कडेला नरसाळ्यासारखे इवलेसे खड्डे असतात. मुंगी कडेवरून घसरली की तळातून कुणीतरी मातीचा फवारा मारून तिला खाली पाडतं. तो किडा अलगद काढून तळहातावर ठेवला तर तो उलटा चालतो. हे तुम्ही दाखवू नका, तुम्हाला ठाऊक आहे हेही कळू देऊ नका.

आणि शेतात पाट असेल तर तुमचं काम झालं. पाण्याचा पाट, चिखल आणि पाच पोरं. बांध घालतीलच. आपली पोरं पुरातली पोरं आहेत हो, मोठ्याला २०२१चा पूर नक्की आठवत असेल. एक काठी रोवून तिच्यावर खुणा करायला सांगा: पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. हे आकडे कोल्हापुरातल्या पोराला शिकवावे लागत नाहीत. येताना वाटेत राधानगरी धरण लागलेलं असेल, तिथले सात स्वयंचलित दरवाजे त्यांना दाखवलेत तर उत्तम. तळं भरलं की पाण्याच्या दाबानं दार आपोआप उघडतं आणि पातळी उतरली की मिटतं, ना मोटर ना बटण. आता म्हणावं, तुमच्या बांधाला असं दार करून दाखवा. पत्र्याचा तुकडा, सपाट दगड, दोरी. जमणार नाही. माझ्या भाच्याला दोन दिवसांत जमलं नव्हतं, आणि तो आता सिव्हिल इंजिनियर आहे. अजून त्या विषयावर बोलत नाही. फक्त शेतमालकाचं पाणी अडवून पलीकडचं रान कोरडं ठेवू नका, संध्याकाळी बांध फोडायची जबाबदारीही पोरांचीच.

पाण्यावरून एक गोष्ट खेळ बाजूला ठेवून सांगते. धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात कुणीही उतरायचं नाही, मोठ्यांनीही नाही. काठ वरून सपाट दिसतो, खाली गाळ असतो आणि पाय रुततो. पोहता येणारी माणसंही तिथं बुडतात. तसंच चूल मांडायच्या आधी वर झाडाकडं बघा. आग्या मोहोळ असेल तर जागा बदला. धुरानं माश्या उठल्या तर पळायला वेळ मिळत नाही. सकाळी बूट झटकूनच घालायचे, विंचू असतो. रात्री तंबूबाहेर जायचं तर मोठं माणूस आणि बॅटरी हवीच. बाजूला गव्यांचं रान आहे, कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी शिकारीची जागा, १९५८ सालापासून अभयारण्य. गवा दिसला तर लांबून बघायचा. पांढरे पायमोजे घातल्यासारखे त्याचे पाय असतात, पोरांना ते फार आवडतं. पण 'थोडं पुढं जाऊन फोटो' हा उद्योग तुमच्या दीरांनाही करू देऊ नका. दिवसा झाडांच्या शेंड्यांकडं लक्ष ठेवलंत तर शेकरू दिसेल, निदान त्याची काटक्या-पानांची घरटी तरी. एका शेकराची एकापेक्षा जास्त घरटी असतात. "फ्लॅट भाड्यानं देतं का?" असं एकानं मला विचारलं होतं.

आता रात्र. पोरांना तंबूची खरी भीती रात्रीची असते आणि खरी मजाही तीच. कालनिर्णय बघून अमावास्येच्या जवळची रात्र मिळाली तर भाग्य. जेवणानंतर आठच्या सुमाराला सगळ्या बॅटऱ्या बंद करा आणि वीस मिनिटं गप्प बसा. अंधारात डोळे सरावायला तेवढा वेळ लागतो, मध्ये कुणी मोबाईल पेटवला की पुन्हा शून्यापासून. पूर्वेला मृग वर आलेला असेल. मधले ओळीतले तीन तारे म्हणजे बाण. ती रेघ खाली लांबवली की क्षितिजाजवळ लकाकणारा व्याध. मृगाच्या वर कृत्तिकांचा पुंजका, त्यात किती तारे दिसतात ते प्रत्येकानं मोजायचं. सासूबाईंना चार दिसले आणि नातीला सात, तर डोळे तपासायला कुणाला न्यायचं ते तिथंच ठरतं.

उत्तरेला डोंगर आडवा नसेल तर ध्रुव शोधा. हात ताठ करून मूठ धरली की आकाशात दहा अंशांच्या आसपास झाकले जातात. आपल्याकडं ध्रुव क्षितिजापासून दीड मुठीच्या किंचित वर असतो, कारण आपला अक्षांश साधारण साडेसोळा. श्रीनगरात जाऊन हात धरलात तर साडेतीन मुठींच्या जवळ. अकरा वर्षांच्याला हे कळलं की तो दोन दिवस सगळीकडं मूठ धरून फिरेल. भूगोलाच्या पुस्तकातल्या रेघेला पहिल्यांदा अर्थ येतो.

झोपायच्या आधी एक गंमत. बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या शेजारी धरा आणि गवतावर लांब प्रकाश टाका. गवतात हिरवट-पांढरे ठिपके चमकतील. दंव वाटेल, पण ठिपका हलतो. ते कोळ्यांचे डोळे. जवळ जाऊन बघितलं की जोंधळ्याएवढा कोळी. पहिल्या रात्री किंचाळतात, दुसऱ्या रात्री मोजतात.

भुताच्या गोष्टींवर बंदी घालू नका, चालणार नाही. चुलतभावंडं एकत्र आली की हडळ येतेच. फक्त शेवटची गोष्ट हसायची हवी आणि ती मोठ्या माणसानं सांगायची. चारवाल्याला बाहेरच्या आवाजांची नावं सांगा: ही टिटवी, हा पिंगळा, हे बाबांचं घोरणं.

सासूबाईंबद्दल तुम्ही एकाच शब्दात उरकलंय, पण त्या तुमचा हुकमाचा पत्ता आहेत. पाच सागरगोटे खिशात टाका. त्यांच्यासमोर तुम्ही स्वतः वाईट खेळा. त्या आधी "माझे गुडघे" म्हणतील, मग "असं नव्हे गं" म्हणतील, मग मांडी घालून बसतील, आणि त्यानंतर कुणाचा डाव येणार नाही. काचापाणीही त्यांना येत असेल.

मोबाईलचं. मोठ्याचा एकट्याचा घरी ठेवलात तर ती शिक्षा झाली, आणि शिक्षा भोगणारा माणूस इतरांना सुखानं खेळू देत नाही. सगळ्यांचे फोन गाडीच्या कप्प्यात, मिस्टरांचाही. एक बाहेर, अडीअडचणीला. त्यावर मोठ्याला फोटो काढू द्या, पण दोन दिवसांत छत्तीसच. आपल्या वेळी रोलमध्ये तेवढेच असायचे आणि तिसाव्या फोटोपासून आपण कंजूष व्हायचो. खोडून पुन्हा काढायचा नाही. बत्तिसाव्या फोटोला ते पोरगं दहा मिनिटं झाडाखाली थांबेल.

राहिले मिस्टर. तुमच्या पत्रात ते दोनदा येतात, एकदा गाडीपाशी आणि एकदा मटणापाशी. आपल्या कोल्हापुरात बाहेर गेलं की मटण पुरुषांनीच करायचं ही रीत आहे आणि मला ती मोडायची नाही, तांबडा-पांढरा त्यांच्या हातचाच लागतो. पण चार तास पातेल्याभोवती उभं राहून 'अजून जरा शिजू दे' म्हणायला दोन-तीन बापे कशाला? एक पुरे. त्यालाही मदतनीस द्या: खलबत्त्यात आलं-लसूण कुटायला सातवाले, खोबरं भाजायला नऊवाला, मीठ चाखायला सगळे. दुसऱ्या बाप्याकडं त्या वेळात पोरं. दुसऱ्या दिवशी उलट. हे निघायच्या आधी, घरी, सासूबाईंसमोर बोलून घ्या. तिथं जाऊन बोललात तर भांडण होतं, इथं बोललात तर ठरतं. आणि ज्या वेळात पोरं त्यांच्याकडं असतील त्या वेळात तुम्ही आणि जाऊबाई उठून मदतीला धावू नका. पोरगं चिखलात बसलं, जेवायच्या आधी तीन चिक्क्या खाल्ल्या, टोपी घातली नाही, काही होत नाही. सतरंजी घेऊन झाडाखाली पडा. डिसेंबरातली दाजीपूरकडची दुपार झोपण्यासाठीच असते.

पहाटे मात्र थंडी वाजते आणि तंबूवर दंव साचतं, तेव्हा प्रत्येकाला एक जादा स्वेटर आणि दोन जादा पायमोजे घ्या. तुमची यादी नेलीत तरी हरकत नाही, मागची बाजू कोरी असेल तर शेकराचं चित्र काढायला कामाला येईल.

जाता जाता: गुऱ्हाळावरून काकवी घ्यालच. बाटली गळ्यापर्यंत भरू नका आणि डिकीत आडवी टाकू नका. आमच्या गाडीच्या डिकीत चौथ्या पावसाळ्यालाही मुंग्या येतात.

– तुमची ताई